संकटाआधी बांधलेली वाट

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, तेव्हा आम्ही सरकारी नोकरीत नुकतेच लागलो होतो. एक तरी शेवटची तार पाठवून ठेवावी म्हणून तारघरांपुढे लोकांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्या कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी मात्र त्या रांगेकडे फिरकले नाहीत. "तार म्हणजे आमच्या घरी मरणाची बातमी," ते म्हणाले, "ती यायची थांबली तर बरेच झाले." त्यांचे बोलणे खोटे नव्हते. तारवाला दारात उभा राहिला की पाकीट फोडण्याआधीच घरात रड सुरू होई, असे आमच्या घरीही वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. परंतु ज्या साधनाने मरणाची वार्ता येते, त्याच साधनाने मरण थोपवता येते काय, आणि येत असेल तर केव्हा, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून राहिला. त्याचा मागोवा घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडण्याचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच देशात, आणि तोही एका वैद्यापासून व्हावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिंदुस्थानात तारायंत्राचा पाया घालणारे विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे पेशाने अभियंते नव्हते. एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली होती. इंग्लंडात पटकीची साथ आली असता त्यांनी रोग्यांचे रक्त तपासले, त्यातील पाणी व क्षार नाहीसे झाल्याचे दाखवून दिले, आणि ते शिरेवाटे परत भरावेत असे सुचवले. पुढे १८३२ मध्ये टॉमस लॅटा या वैद्याने हा उपाय प्रत्यक्ष करून पाहिला. आज रुग्णालयात रोग्याच्या उशाशी जी सलाईनची बाटली टांगलेली दिसते, तिची वंशावळ येथपर्यंत जाते. हेच ओशॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कलकत्त्यास आले, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि १८३९ मध्ये त्यांनी कलकत्त्याजवळ तारेचा पहिला प्रयोग केला. बारा वर्षांनी, १८५१ मध्ये, कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. डलहौसीने मग देशभर तारा टाकण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले.

ती पहिली तार हुगळी नदीच्या काठाने समुद्राकडे गेली, कारण येणाऱ्या जहाजांची खबर व्यापाऱ्यांना वेळेवर हवी होती. वादळाचा विचार तिच्या मुळाशी नव्हता. त्याची किंमत १८६४ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षी ५ ऑक्टोबर रोजी बंगालच्या उपसागरातून आलेले चक्रीवादळ कलकत्त्यावर आदळले. हुगळीत समुद्राचे पाणी भिंतीसारखे चढले, बंदरातील जहाजे एकमेकांवर व काठांवर फेकली गेली, आणि सुमारे साठ हजार माणसे प्राणांस मुकली. वादळ उपसागरातून काही दिवस प्रवास करीत आले होते. तारेचे खांब उभे होते, तारमास्तर आपापल्या जागी होते. परंतु समुद्रावरील हवा पाहून ती कळवणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते.

पुढील वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदराला वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. गॅस्ट्रेल व ब्लॅनफर्ड यांनी त्या वादळाचा सविस्तर अहवाल लिहिला, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली तेव्हा त्याची सूत्रे त्याच हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाती आली. तार तीच होती, खांबही तेच होते. नवीन आले ते एवढेच, की अमक्याने अमुक वेळी अमक्याला कळवावे असा एक नियम झाला. आम्हांस वाटते, या विषयाचे सारे मर्म या एका बदलात सामावलेले आहे. साधन असणे ही एक गोष्ट, आणि त्या साधनावरून संकटाच्या वेळी संदेश जाण्याची वाट आधीच बांधून ठेवलेली असणे ही अगदी निराळी गोष्ट.

विसाव्या शतकात साधने अफाट वाढली. बिनतारी यंत्र आले, दूरध्वनी घरोघर पोचला, आकाशात उपग्रह फिरू लागले. पण साधनांचा पसारा वाढला तसे त्यांचे नाजूकपणही वाढले. भूकंपात जी घरे पडतात त्यांतच दूरध्वनीचे केंद्रही पडते. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मेक्सिको शहर हादरले. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली, आणि त्याबरोबरच त्या अवाढव्य राजधानीचा बाहेरील जगाशी असलेला दूरध्वनीचा संबंध तुटला. जगाला मदत पाठवायची होती, पण काय पाठवावे हे विचारायचे कोणाला? अशा वेळी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचा एटीएस-३ हा उपग्रह उपयोगी पडला, आणि मदत करणाऱ्या संस्थांना त्याच्याद्वारे बोलण्याची सोय मिळाली. हा उपग्रह १९६७ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांपूर्वी, प्रयोगासाठी सोडलेला होता. नवी यंत्रे जमिनीवर मुकी झाली असता एक जुनाट यंत्र आकाशातून बोलले.

परंतु या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण म्हणजे आर्मेनियाचे. त्याचा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

७ डिसेंबर १९८८. सकाळचे अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली होती. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघराज्याचा एक घटक होता. मुले शाळेत होती, कामगार कारखान्यांत होते. ६.८ प्रतीचा भूकंप झाला आणि स्पिटाक हे गाव जवळजवळ पुसले गेले. लेनिनाकान (आजचे ग्युम्री) व किरोवाकान (आजचे वानाद्झोर) या शहरांतील तयार काँक्रीटच्या पट्ट्यांनी रचलेल्या बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. रुग्णालयेही कोसळली, आणि ज्यांनी इतरांना वाचवायचे ते वैद्य व परिचारिकाच मोठ्या संख्येने ढिगाऱ्याखाली गेल्या. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेपुढे बोलत होते. तो दौरा आटोपता घेऊन ते परतले, आणि ज्या देशाने दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्यांची मदत सहसा स्वीकारली नव्हती, त्याने आपली दारे उघडली. ज्या अमेरिकेच्या अण्वस्त्रांची भीती चाळीस वर्षे बाळगली, तिचीही विमाने येरेव्हानच्या धावपट्टीवर उतरू लागली.

ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्या माणसांपुढे आणखी एक संकट उभे होते. दीर्घ काळ चिरडून राहिलेला स्नायू मोकळा केला की त्यातील विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. बाहेर काढताना बोलणारा माणूस दोन दिवसांनी मरतो. १९४१ मध्ये लंडनवर बाँब पडत असता बायवॉटर्स या वैद्याने या विकाराचे वर्णन केले होते. आर्मेनियात असे रुग्ण शेकड्यांनी निघाले. रक्त शुद्ध करणारी डायलिसिसची यंत्रे देशोदेशींहून आली, पण तीही कोठे, किती आणि कोण चालवणार, याचा मेळ घालणे कठीण झाले. या अनुभवातूनच मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पुढील वर्षी आपत्तिकाळासाठी स्वतःचे मदतपथक उभारले.

पहिल्या दिवसांची धावपळ ओसरली, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला. हात-पाय गमावलेले, मणका दुखावलेले, भाजलेले, आणि डोळ्यांदेखत मुलेबाळे गेल्याने मनाने खचलेले असे हजारो रुग्ण आर्मेनियातील वैद्यांच्या हाती होते. त्यांना निरनिराळ्या शाखांतील तज्ज्ञांचा सल्ला हवा होता. इतके तज्ज्ञ विमानाने आणणे शक्य नव्हते, आणि इतके रुग्ण बाहेर नेणेही शक्य नव्हते. तेव्हा अशी कल्पना निघाली की रुग्ण व तज्ज्ञ आपापल्या जागी राहावेत, आणि त्यांची भेट उपग्रहाच्या द्वारे घडवावी. या व्यवस्थेला 'अंतराळसेतू' असे नाव मिळाले. मे ते जुलै १९८९ या काळात येरेव्हानमधील एक रुग्णालय अमेरिकेतील बेथेस्डा, बाल्टिमोर, सॉल्ट लेक सिटी व ह्यूस्टन येथील चार वैद्यकीय केंद्रांशी जोडले गेले. आवाज दोन्ही बाजूंनी जात होता, कागदपत्रे फॅक्सने जात होती, पण चित्र मात्र एकाच बाजूने, येरेव्हानकडून अमेरिकेकडे जात होते. अमेरिकन वैद्यांना रुग्ण दिसत होता. रुग्णाला व त्याच्या वैद्याला मात्र समुद्रापलीकडच्या माणसाचा फक्त आवाज ऐकू येत होता, आणि तोही परभाषेतील, दुभाष्याच्या तोंडून समजणारा.

महाभारतातील संजयाची या ठिकाणी आठवण होते. त्यालाही दूरचे दिसत होते. पण त्याने सांगितलेले ऐकणारा धृतराष्ट्र जागचा हलला नाही, म्हणून ती दिव्य दृष्टी कोणाच्या कामी आली नाही. येरेव्हानमध्ये तसे झाले नाही. अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या ३४ बैठका झाल्या. त्यांत सोव्हिएत बाजूचे २४७ व अमेरिकेचे १७५ वैद्यकव्यावसायिक बसले, आणि वीस वैद्यकशाखांचा संबंध येणाऱ्या २०९ रुग्णांविषयी विचारविनिमय झाला. त्यांपैकी १८५ रुग्ण आर्मेनियातील होते. या १८५ पैकी ५४ जणांचे रोगनिदान बदलले, ७० जणांच्या नव्या तपासण्या ठरल्या, आणि ४७ जणांची उपचारपद्धती बदलली.

हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत. १८५ मध्ये ५४ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण आम्हांस त्यांतील प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. बाकीच्या १३१ रुग्णांच्या बाबतीत येरेव्हानच्या वैद्यांचे निदान कायम राहिले, हाही त्याचाच अर्थ आहे. स्वतःचे आप्त गमावलेल्या, तुटपुंज्या साधनांनिशी काम करणाऱ्या त्या वैद्यांना ही गोष्ट केवढा आधार देऊन गेली असेल! दूरवैद्यक म्हणजे दूरच्या शहाण्याने जवळच्या अडाण्याला शिकवणे, अशी जी समजूत आढळते तिला हे प्रकरण सरळ छेद देते. रोग्याची नाडी हाताशी असलेला वैद्यच उपचार करतो. दूरचा वैद्य त्याच्या खांद्यामागून पाहतो, एवढेच.

आता या प्रकरणातील आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. भूकंप डिसेंबरात झाला, आणि सेतू मे महिन्यात सुरू झाला. मध्ये पाच महिने गेले. उपग्रह तर आकाशात पूर्वीपासूनच होते. वेळ लागला तो जमिनीवरील तयारीला आणि दोन सरकारांच्या संमतीला. किंबहुना पाच महिन्यांतही ते जमले, याचे एक कारण असे की दोन्ही देशांतील अंतराळ-वैद्यकाच्या शास्त्रज्ञांची एक संयुक्त समिती १९७० नंतरच्या दशकापासून काम करीत होती. अंतराळवीरांच्या हाडांवर व हृदयावर काय परिणाम होतो, याची टिपणे ते एकमेकांना दाखवीत आले होते. राजकारणात शत्रुत्व असतानाही हे दार किलकिले राहिले होते. त्याच दारातून अंतराळसेतू आत आला. भूकंपाचा विचार करून ती समिती कोणीच नेमली नव्हती, पण भूकंपाच्या वेळी तीच कामी आली.

याचा पडताळाही लवकरच मिळाला. ४ जून १९८९ रोजी उराल पर्वताच्या प्रदेशात, उफा शहराजवळ, नळातून गळलेल्या वायूचा स्फोट झाला. नेमक्या त्याच वेळी दोन प्रवासी गाड्या तेथून जात होत्या. ५७५ माणसे मेली, आणि त्यांत सुटीच्या शिबिरांना निघालेली पुष्कळ मुले होती. शेकडो प्रवासी भयंकर भाजले. आर्मेनियासाठी बांधलेला सेतू तेव्हा उफापर्यंत वाढवण्यात आला, आणि भाजलेल्या रुग्णांविषयी सल्लामसलत सुरू झाली. आर्मेनियास पाच महिने लागले. उफाचे काम दोन महिन्यांच्या आत झाले. वाट आधी असली म्हणजे पाऊल किती लवकर पडते, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण आम्हांस आढळले नाही.

हाच धडा आपल्या देशाला २६ डिसेंबर २००४ रोजी मिळाला, आणि तो दुहेरी होता. त्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. अंदमान-निकोबारवर लाटा थोड्याच वेळात आदळल्या, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यास पोचण्यास त्यांना दोन तासांहून अधिक अवधी लागला. त्या दोन तासांत किनाऱ्यावरील कोळ्यांना व फिरावयास आलेल्या माणसांना कोणीही सावध केले नाही, कारण हिंदी महासागरासाठी सुनामीची पूर्वसूचना देणारी व्यवस्थाच नव्हती. हुगळीकाठी १८६४ मध्ये घडले तेच एकशेचाळीस वर्षांनी मरीनाच्या वाळूत पुन्हा घडले. हैदराबाद येथे असे केंद्र उभे राहिले ते २००७ मध्ये.

दुसरी बाजू पोर्ट ब्लेअरची. अंदमानातून हौशी रेडिओ, ज्याला 'हॅम' म्हणतात, तो चालवण्यास १९८७ नंतर परवानगी मिळत नव्हती. भारती प्रसाद या दिल्लीच्या रेडिओचालक भगिनी त्या वर्षी तेथे जाऊन आल्या होत्या, आणि पुन्हा जाण्यासाठी सतरा वर्षे प्रयत्न करीत होत्या. अखेर २००४ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि एका छोट्या गटासह त्या पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात यंत्रे लावून बसल्या. जगभरच्या हौशी मंडळींशी बोलावे, दुर्मीळ बेटाचा संपर्क त्यांना मिळवून द्यावा, एवढाच हेतू होता. भूकंप झाला तेव्हा त्या तेथेच होत्या. दूरध्वनी बंद पडले, आणि ही छंदाची यंत्रे बेटांवरील माणसांचा मुख्य भूमीशी असलेला मोठा आधार झाली. "आमचा माणूस जिवंत आहे काय?" एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांनी किती घरांना मिळवून दिले! गटातील काही जण यंत्रे घेऊन कार निकोबारलाही गेले. पोर्ट ब्लेअरचे सरकारी रुग्णालयही इस्रोच्या उपग्रहाद्वारे चेन्नईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाशी सुनामीपूर्वीच जोडलेले होते. दोन्ही ठिकाणी मदतीची वाट आधीच तयार होती.

ती परवानगी महिनाभर उशिरा मिळाली असती तर? हा प्रश्न मनात आला की आमच्यासारख्या कारकुनाच्या अंगावर काटा उभा राहतो. अशा परवानग्यांचा प्रश्न एकट्या आपल्याच देशाचा नाही. परदेशी मदतपथक बिनतारी यंत्र घेऊन विमानतळावर उतरते, आणि परवाना नाही म्हणून ते यंत्र सीमाशुल्क नाक्यावर अडकून पडते, असे प्रकार अनेक देशांत घडले. हे अडथळे दूर करण्यासाठी १८ जून १९९८ रोजी फिनलंडमधील टाम्पेरे येथे एक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तीस राष्ट्रांनी तो मान्य करावा आणि मग तो अमलात यावा, असे ठरले. तीस राष्ट्रांचे कागद जमण्यास साडेसहा वर्षे लागली. करार अमलात आला ८ जानेवारी २००५ रोजी, म्हणजे सुनामीनंतर तेराव्या दिवशी. तेरावा दिवस म्हणजे आपल्याकडे काय, हे मराठी वाचकांस सांगावयास नको.

परंतु केवळ खेदाचाच सूर लावून थांबणे न्याय्य होणार नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली, आणि किनाऱ्याचा राजधानीशी असलेला संपर्कही तुटला. त्यानंतर त्या राज्याने आपत्तिनिवारणाची स्वतंत्र संस्था उभारली, निवारे बांधले, आणि कोणत्या गावी कोणी निरोप पोचवायचा ते ठरवून टाकले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा दहा लाखांच्या घरात माणसे आधीच हलवण्यात आली होती. मृतांची संख्या काही दशकांत मोजण्याइतकी राहिली. हवामान खात्याची भाकिते सुधारली होती, उपग्रह सुधारले होते, हे खरेच. पण भाकीत ऐकून दार ठोठावणारा माणूस गावोगाव ठरलेला होता, हेही तितकेच खरे. योगायोग असा, की याच वर्षी, तीन महिन्यांपूर्वी, तारसेवा बंद झाली होती. तार गेली, पण निरोपाची वाट राहिली.

शेवटी एक घरची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ मुलखातील कचेरीच्या उपग्रह-दूरध्वनीचे वार्षिक शुल्क मंजूर करण्याचा कागद आमच्या टेबलावर आला. त्यातील एक रकाना कोरा होता. आम्ही नियमाप्रमाणे शंका काढली आणि कागद परत पाठवला. तो पुन्हा आमच्याकडे येऊन, मंजुरी होऊन, खाली पोचेपर्यंत दोन महिने लोटले. तेवढ्या काळात तो दूरध्वनी बंद होता, हे आम्हांस फार पुढे, एका पत्रातील साध्या उल्लेखावरून कळले. त्या दोन महिन्यांत तेथे दरड कोसळली नाही की नदी फुगली नाही. कोणाचे काही बिघडले नाही, आणि कोणी आम्हांस दोषही दिला नाही. नियमाने आमची चूक नव्हतीच.

पण आर्मेनियाचा, अंदमानाचा इतिहास वाचल्यापासून तो कोरा रकाना आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो रकाना भरून घेण्यास एक दूरध्वनी पुरला असता. हल्ली तसा कागद आला की आम्ही आधी त्यावरील मुदतीची तारीख पाहतो, मग रकाने पाहतो, आणि काही उणे असेल तर कागद परत न पाठवता त्या कचेरीस विचारून घेतो. संकट येईल तेव्हा आम्ही तेथे नसणार. आमच्या वाट्याचे काम त्याआधीच, एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी, पुरे झालेले असले पाहिजे.